चावडीवर सगळ्यांनी हव म्हटलं

१९ मार्च २०१७, रविवार. चाकण

ही डायरी कंपनीनं नवीन वर्षाला वाटली होती. तेव्हापासून उशीखाली पडून होती. आज सुट्टी आहे, खोलीतले दोघं बाहेर गेले आणि मन एका जागी बसत नाही, म्हणून लिहून राहिलो. शाळा आठवीपर्यंत झाली, नववीत दोनदा बसून उठलो. अक्षर कोणाला दाखवायचं नाही, म्हणून चिंता नाही.

नाव कागदावर घनश्याम, घरी गुड्डू. गाव पिपरटोला, जिल्हा गोंदिया. इथं गोंदिया म्हटलं की विचारतात, ते छत्तीसगडात का? मी सोडून देतो. माझ्या 'हव' म्हणण्यावरही हसतात. 'हो म्हण की रे.' आमच्याकडे लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे हवच म्हणतात. तोंड आपोआप म्हणते.

सकाळी रेणूचा फोन आला. रेणू माझी लहान बहीण, बारावीची परीक्षा देऊन राहिली. घरातला मोबाईल तिच्याच हातात. म्हणे, "दादा, आपला सातबारा आता मोबाईलवर दिसते. रस्त्याकडच्या बांधीचा काढून पाह्यला. बाबाचं नाव आहे, गट नंबर आहे, सगळं बरोबर आहे. पन इतर हक्कात आत्याचं झाड नाही."

मी उठून बसलो.

आत्या म्हणजे देवकाबाई, बाबांची मोठी बहीण. आमच्या घरात लेकीला लग्नात झाड आंदण द्यायची जुनी रीत होती. जमीन लेकाची, झाड लेकीचं. बांधी म्हणजे आमचं धानाचं शेत. आजोबांनी तिच्या धुऱ्यावरचं, इकडच्या भाषेत बांधावरचं, मोहाचं झाड आत्याला दिलं आणि तेव्हाच्या पटवाऱ्याकडून सातबाऱ्यावर हातानं लिहून घेतलं. आत्याचा नवरा लवकर गेला, ती परत आली. तेव्हापासून त्याच झाडावर आहे. उन्हाळा लागता लागता फुलं वेचते, सुकवून विकते. पावसाच्या तोंडावर टोरी वेचते, म्हणजे त्याचं फळ, आणि बियांचं तेल काढते. राहते भावाच्या घरी, पण लुगडं आपल्या झाडाचं घेते. ती तसंच म्हणते, 'हे लुगडं माझ्या झाडाचं.'

मागच्या वर्षी त्याच झाडापायी आमच्या बांधीचा सौदा मोडला. हुकुमचंदभाऊ कटरे मूळ दवनीवाड्याचे. त्यांनी हार्वेस्टर घेतला आहे. आमच्या आजूबाजूच्या बांध्या त्यांनी घेतल्या, आमची मधात येते. सातबारा पाहिला आणि हात वर केले. 'पहले ये झाड का मामला साफ करो.' आत्याला कोण सांगणार? विषय तिथंच राहिला आणि माझी गाडीही राहिली. त्या पैशात एक सेकंडहँड पिकअप येते. नागपूरला हॉटेलात राहिलो, रायपूरला सळाखी उचलल्या, सुरतेला गेलो, आता इथं डबे भरतो. माय म्हणते तुझ्या पायाला चाकं आहेत. मग खरीच चाकं असू दे ना.

आणि आता कॉम्प्युटरनं आपोआप साफ केलं.

रेणूला म्हटलं, "हे कोणाला सांगू नको." ती म्हणे, "तू स्पीकरवर होता दादा. पन आंगनात आत्याच आहे फकत."

म्हणजे हरकत नाही. मागच्या मोठ्या तापापासून आत्याला ऐकू येत नाही. सगळे तिच्याशी ओरडून बोलतात. फोन ठेवता ठेवता मागून तिचाच आवाज आला, "गुड्डू, गाडी कोनत्या रंगाची घेतोस गा?"

नवल वाटलं. रेणूनं आधी केव्हा तरी सांगितलं असेल.

२६ मार्च, रविवार

हुकुमचंदभाऊंना फोन केला. त्यांना आधीच माहीत होतं. म्हणाले, "मई में चावडी वाचन है. पटवारीनबाई कॉम्प्युटरमधला एकेक सातबारा गावासमोर वाचेल. चूक असली तर तिथं सांगायची, नाही तर थोड्या दिवसांत अर्ज करायचा. कोणी काही बोललं नाही का तेच पक्कं. मग हातानं लिहिलेलं बंद. समझा?"

"हव."

"तो तुम लोग बस चुप बैठो. और वो बुढिया?"

"आत्याला ऐकू येत नाही."

"फिर तो उपरवाले ने ही साफ किया, भाई."

मी विचारलं, झाड राहू द्याल का. तर हसले. "हार्वेस्टर झाडाभोवती फुगडी खेलेगा क्या?"

मी काही केलं नाही. मशीननं केलं. आठवडाभर डबे भरताना हेच म्हणून राहिलो होतो. बाजूचा म्हणे, गुड्ड्या, कोणाशी बोलतोस?

२ एप्रिल, रविवार

बाबांशी बोललो. बाबा फोनवर फार कमी बोलतात.

"बाबा, हुकुमचंदभाऊ तयार आहे."

"हं."

"चावडीवर तुमी काही बोलू नका."

"मी कधी बोलतो?" मग म्हणे, "त्या बांधीचा धुरा फुटला आहे. पानी यायच्या आत बांधून घेतो."

विकायची जमीन आहे, तिचा धुरा कायले बांधायचा? म्हातारं माणूस. हाताची सवय सुटत नाही.

९ एप्रिल, रविवार

आज आत्याशी बोललो. इतक्या जोरानं ओरडावं लागलं की खोलीतल्या दोघांनी उशा फेकून मारल्या.

"फूल कसं आहे यंदा?"

"बाप्पा, मोप पडून रायलं! पहाटेपासून टप टप, टप टप. झोप मोडते."

मोहाचं फूल जमिनीवर पडते त्याचा आवाज चांगल्या कानाच्या माणसालाही येत नाही. आत्याची खोली धुऱ्यापासून जवळ आहे, पण तरी. वर्षानुवर्षांची सवय, मनातच वाजत असेल.

मग म्हणे, "गाडीत समोर किती जन बसतात गा?"

"ड्रायव्हर धरून तीन."

"मंग मले मधात नोको बसवू. खिडकीशी बसव. कचारगडच्या जत्रेले गेलो होतो तवा त्या काळीपिवळीत मधात कोंबलं होतं, काहीच दिसलं नाही."

मी हव म्हटलं. नंतर भाजी घ्यायला गेलो आणि काय घ्यायचं तेच विसरलो.

१६ एप्रिल

गाडी पाहून आलो. चाकण चौकाच्या पुढं एक जण विकून राहिला. पांढरी आहे, एका बाजूनं दबलेली. आत बसून पाहिलं. स्टेअरिंगवर हात ठेवला की बरं वाटते. कुठं जायचं ते अजून ठरलं नाही, पण बरं वाटते.

२० मे, शनिवार

सुट्टी मंजूर झाली. सुपरवायझर म्हणे, कशाला पाहिजे? म्हटलं, गावात सातबारा वाचणार आहेत. तो म्हणे, तुम्ही लोक सातबाराची पूजा ठेवता का?

वाचन शुक्रवारी आहे. मला जायची गरज नाही, रेणू म्हणाली. पण मी तिथं नसलो आणि कोणी बोललं तर?

कोण बोलणार आहे, हेही मला माहीत आहे. कोणीच नाही.

२३ मे, मंगळवार. पिपरटोला

महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गोंदियाला उतरलो. पुण्याला चढलो तेव्हाचा घाम इथं येईपर्यंत वाळला आणि इथं परत नवा आला. गोंदियाच्या स्टेशनवर चहावाल्यानं 'क्या चाहिए भैया' म्हटलं तेव्हा गावात आल्यासारखं वाटलं.

मायनं कांदा कापून पाण्यात बुडवून ठेवला होता, लू लागू नये म्हणून. म्हणे, "चेहरा पाह्य आपला. तिकडं जेवू घालत नाही काय कोनी?"

आत्या झाडाखाली होती. झाडाखालचं आवार तिनं अंगणासारखं झाडून ठेवलं आहे, पान पडलेलं दिसत नाही. आमच्याकडे कोणाचं झाड कोणतं हे त्यावरूनच कळते. ज्यानं झाडलं त्याचं. ती टोपलीत टोरी वेचून राहिली होती. मला पाहून उठली नाही, हातातली टोरी पुढं केली. "घे, हुंगून पाह्य." घेतली. तिकडं पुण्याकडे असा वास कशालाच नाही.

२४ मे, बुधवार

ऊन असं की पाखरूही बोलत नाही. दुपारी सगळे अंधाऱ्या खोलीत पडलो होतो. आत्या पडल्या पडल्या म्हणाली, "भरलेली मालगाडी आहे." मी म्हटलं, कुठं? कोणीच काही ऐकलं नव्हतं. थोड्या वेळानं रेल्वे फाटकाकडून खरंच भोंगा आला आणि मग मालगाडीचा आवाज. जमीन हलते, ते तिला पाठीला कळत असेल.

संध्याकाळी माय भाकरी थापता थापता म्हणाली, "गाडी घेऊन कोनत्या गावाले जासील?"

"भाडं मिळंल तिकडं."

"आन मंग?"

"मंग दुसरीकडं."

"हव का," म्हणाली आणि भाकर उलटली. मला वाईट का वाटलं ते समजलं नाही.

बाबांना म्हटलं, उद्या हुकुमचंदभाऊकडे जाऊन बोलून येऊ. बाबा म्हणे गुडघा दुखते. आणि तासाभरानं पावडं घेऊन धुऱ्याकडं गेले.

२६ मे, शुक्रवार

आज झालं. पूर्ण लिहून ठेवतो.

उन्हामुळं वाचन सकाळी सातला होतं. जुनी चावडी पडली, म्हणून ग्रामपंचायतीच्या ओसरीवर. तेंदूपत्त्याचं काम नुकतंच उतरलं, त्यामुळं सारं गाव रिकामं होतं आणि सारं गाव आलं. बाया पुढं सतरंजीवर, माणसं मागं भिंतीशी. आत्या पहिल्या ओळीत, धुतलेलं लुगडं नेसून. मी म्हटलं नको येऊ, तर तिनं ऐकलंच नाही.

प्रेमिला मॅडम आमच्या तलाठी. गावात कोणी तलाठी म्हणत नाही, पटवारीनबाई म्हणतात. तरुण आहेत. कॉम्प्युटरमधून काढलेले कागद घेऊन बसल्या. शाळेत हजेरी घेतात तसा आवाज. "हा सातबारा तुमच्यासमोर वाचते आहे. नाव, क्षेत्र, पीक, इतर हक्क, सगळं नीट ऐका. काही हरकत असेल तर सांगा."

सगळे म्हणाले, "हव."

"हरकत आहे?"

"हव."

"अहो, आहे की नाही?"

"हव, नाही!"

हशा पिकला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "बरं, बरोबर असेल तर हव म्हणा, चुकलं असेल तर हात वर करा." मग सुरू झालं. एक सातबारा, एक हव. वाजंत्रीसारखं लागलं. एका मेलेल्या माणसाच्या नावावर जमीन निघाली, तरी गावानं हव म्हटलं. मॅडम म्हणे, "हे कुठं आहेत?" मागून कोणी तरी म्हणालं, "वरती." परत हशा. ते दुरुस्त करून घेतलं.

मग आमचं आलं. "केवळराम सदाशिव मेंढे."

मी चपलीकडं पाहून राहिलो. बाबा छपराकडं. मायनं पदर तोंडाशी धरला. मॅडमनी गट वाचला, क्षेत्र वाचलं, धान वाचलं. "इतर हक्क, निरंक."

निरंक म्हणजे काही नाही.

"बरोबर?"

सगळ्यात आधी हव आला तो आत्याचा. मोठ्यानं, स्वच्छ. मागून गावाचा. मॅडमनी वर पाहिलं, एकदा आत्याकडं, एकदा आमच्याकडं, आणि पान उलटवलं.

आत्याला काही ऐकू आलं नसेल. भावाचं नाव मॅडमच्या ओठांवर दिसलं असेल म्हणून खुशीनं म्हणाली असेल. आमच्याकडे तोंड आपोआप म्हणते, वर लिहिलंच आहे.

संपल्यावर हुकुमचंदभाऊंनी पाठीवर थाप मारली. "हो गया काम." मी हव म्हटलं. माझंही तोंड आपोआप म्हणते.

आनंद व्हायला पाहिजे होता. जेवलो नाही. ऊन लागलं असेल.

२८ मे, रविवार

सकाळी धुऱ्याकडं गेलो. झाडाखाली पाचोळा. टोरी पडून आहेत आणि दुसऱ्याच्या बकऱ्या खाऊन राहिल्या. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

आत्याची तब्येत बिघडली असेल म्हणून पळत घरी आलो. ती अंगणात बसून तांदूळ निवडत होती. तिचा झाडाखालचा खराटा रेणूच्या हातात, ती त्यानं गोठा झाडत होती.

मी ओरडलो, "आत्या, टोरी वेचायले काऊन नाही गेलीस?"

"ओरडू नोको, कानाचे परदे फाटतात," आत्या म्हणाली. "ते झाड आता माझं नाही. गावासमोर झालं. दुसऱ्याच्या झाडाखाली कायले जाऊ?"

"कोनं सांगितलं तुले?"

ती तांदूळ निवडून राहिली. मग म्हणे, "गाडी केव्हा आनतोस?"

मी आत जाऊन मायला विचारलं, आत्याला कोणी सांगितलं? माय म्हणे मी नाही. बाबा म्हणे मी नाही. रेणूला विचारलं. रेणूनं माझ्याकडं पाहिलं, "दादा, तू खरंच..." असं काही तरी म्हणाली आणि खराटा आपटत निघून गेली. कोणी तरी सांगितलंच असणार.

तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी म्हटलं असतं की मी नाही, मशीननं केलं. ती भांडली नाही. खराटा देऊन मोकळी झाली. लुगडं कोणाच्या झाडाचं घेणार आता?

दुपारभर लोळलो. झोप नाही.

२९ मे, सोमवार

गावात फोन लागते, पण नेटची रेंज नाही. रेंज रेल्वे फाटकाजवळ आहे, म्हणून मॅडमचं खरं ऑफिस तिथल्या चहाच्या टपरीवर. लॅपटॉप, त्याला डोंगल, बाजूला चहा. गाडी गेली की रेंज जाते, मग सगळे थांबतात.

मी म्हटलं, "मॅडम, आमच्या सातबाऱ्यात चूक आहे. मोहाचं झाड राहून गेलं."

"शुक्रवारी का नाही बोललास?"

मॅडमनी उत्तराची वाट पाहिली नाही. पिशवीतून जुना हातानं लिहिलेला सातबारा काढला, कापडात बांधलेला. बोट फिरवत आल्या. होतं. निळ्या शाईत, वळणदार.

"ज्यानं कॉम्प्युटरमध्ये भरलं त्याला झाडासाठी जागा सापडली नसेल," मॅडम म्हणाल्या. "हे बघ, इथं यादी येते. विहीर आहे, वाट आहे, कूळ आहे, बँकेचा बोजा आहे. झाड नाही. आमच्या यादी करणाऱ्यांना लेकीला झाड देतात हे माहीतच नाही."

"मग?"

"मग 'इतर' म्हणून घ्यायचं आणि लिहायचं." माझ्याकडं पाहिलं. "पण तुमच्याच जमिनीवर तूच हे चढवून घेतो आहेस. कळतं ना? उद्या विकायची म्हटली तर..."

"हव."

"अर्जावर खातेदाराची सही पाहिजे. किंवा बाईंची. त्या स्वतः का नाही आल्या?"

"तिले ऐकू येत नाही."

"येत नाही? चावडीवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हव म्हणाल्या त्या."

"सवय आहे आमच्याकडे," मी सांगितलं. मॅडमनी चहा मागवला, माझ्यासाठी पण.

अर्ज घेऊन घरी आलो. बाबा ओसरीवर होते. वाटलं रागावतील, सौदा मोडला म्हणून. मी समजावून सांगायला सुरुवात केली तर बाबांनी कागद ओढून घेतला. वाचलाही नाही. खिशात पेन होतं. बाबांच्या खिशात पेन मी पहिल्यांदा पाहिलं. "काळ्या शाईनं चालते नं?" एवढंच विचारलं आणि सही केली. बहुतेक त्यांना कळलं नाही कशावर सही करून राहिले.

परत फाटकावर. मॅडमनी टाइप केलं, मध्ये एक पॅसेंजर गेली, रेंज गेली, आली. शेवटी त्यांनी मशीनवर अंगठा ठेवला. म्हणाल्या, "पक्कं व्हायला दिवस लागतील. वरून मंजुरी येते." मी लॅपटॉपकडं पाहिलं. छोट्या अक्षरात आत्याचं नाव होतं.

३० मे, मंगळवार

आधी हुकुमचंदभाऊंना सांगितलं. वाटलं होतं शिव्या देतील. ते म्हणाले, "साफ कागज पर तूने खुद दाग लगाया, लेका." मग हसले. "तेरी बुआ जिंदा है तब तक मैं रुकता हूँ. मले घाई नाही." आत्या किती जगेल याचा हिशेब कोणी करून राहिला, हे बरं नाही. मीही तोच करत होतो काय?

मग आत्याला सांगितलं. जवळ बसून, कानाशी, ओरडून. झाड परत नावावर येते, उद्यापासून टोरी वेचायला जा.

आत्या रागावली! हातातलं सूप ठेवून दिलं. "कोनं सांगतलं होतं तुले हा शहानपना? आन गाडी?"

"गाडी राहिली."

"मंग खिडकीशी कोन बसवील मले?"

तिला गाडीचंच पडलं होतं. झाड वाचलं हे तिच्या कानात गेलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणे, "बैताड आहे तू. बापासारखा बैताड." आणि लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले. धूर होता चुलीचा.

बाबा आज दोनदा भात वाढून घेऊन जेवले. रागात माणूस जास्त जेवते म्हणतात.

१ जून, गुरुवार

पहाटे खरखर आवाजानं उठलो. अंगणात आलो तर धुऱ्याकडं आत्या दिसली. खराटा घेऊन झाडाखालचा पाचोळा लोटून राहिली होती. बकऱ्यांना शिव्या देऊन राहिली होती, त्यांच्या मालकालाही.

मी जाऊन टोपली धरली. ती म्हणे, "पिकलेली घे, हिरवी नोको. तिकडं डबे भरतोस तसं नोको करू इथं."

उद्याची गाडी आहे.

२ जून, शुक्रवार. गाडीत

खिडकीची जागा मिळाली. आत्यानं टोरीच्या तेलाची बाटली दिली, चिंधीनं तोंड बांधून. म्हणे, पाय फुटले की लाव. पायाचं तिला कसं समजलं? मी चप्पल घालूनच होतो. चालताना घासून चाललो असेन, ते दिसलं असेल.

स्टेशनपर्यंत बाबा आले. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "धुरा पक्का झाला." मी म्हटलं हव.

गोंदियाकडची जंगलं मागं राहिली. पिकअपचा विचार केला तर तीच पांढरी गाडी दिसते, पण आता तिच्यात खिडकीशी आत्या बसलेली दिसते. त्यामुळं कुठं जायचं ते पहिल्यांदा ठरलं. कचारगड. एवढंच ठरलं.

१८ जून, रविवार. चाकण

डबल शिफ्टचे दिवस आहेत, म्हणून लिहिणं राहिलं. गाडीच्या मालकाला 'नको' म्हणून कळवलं. तो म्हणे, मग ये केव्हा तरी, दुसरी येईल.

आज रेणूचा फोन आला. मंजुरी आली. नवा सातबारा मोबाईलवर दिसून राहिला. ती फाटकावर गेली, तिथं रेंजमध्ये काढला आणि फोटो घेऊन घरी आली. मला ऐकवते म्हणे.

"थांब, सगळ्यांना बसवते. चावडी वाचन आहे."

घरचे आवाज आले. भांडं पडलं. मग रेणूनं मॅडमचा आवाज काढला. "केवळराम सदाशिव मेंढे. गट अमुक, क्षेत्र अमुक, पीक धान. इतर हक्क, मोहाचे झाड एक, देवकाबाई. बरोबर?"

"हव," मायचा आवाज, हसत.

"हव!" हा बाबांचा. इतक्या मोठ्यानं बाबा बोललेले मला आठवत नाही.

मग मला वाटलं फोन कटला. वाऱ्याचा आवाज येत होता, पाऊस जवळ आला असेल.

"हव," आत्या म्हणाली. अगदी हळू. मग तिच्या नेहमीच्या आवाजात, "झालं नं वाचून? मंग उठा. टोरी वाळू घातल्या आहेत, पानी येऊन रायलं."

मला बरं वाटलं. रेणूला म्हटलं, "आत्याला ऐकू गेलं म्हणजे चांगल्या मोठ्यानं वाचलंस. नेहमी असंच बोलत जा तिच्याशी."

रेणू इतकी हसली की बोलता येईना. म्हणे, "दादा, तू एक काम कर. तुझेच कान तपासून घे."

पोरगी टवाळ झाली आहे. पण खोटंही नसेल. मशीनच्या आवाजात राहून मला अलीकडे थोडं कमीच ऐकू येते. पगार झाला की डॉक्टरला दाखवतो.